नळी बदलली की खरी गोळी? एका फॉरवर्डची उलटतपासणी

पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या गावगटांवर एक संदेश फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘जत्रेत आणि ऑनलाइन मिळणारी ब्लोबॅक पिस्तुलं खेळणी नव्हेत. ब्लोबॅक म्हणजे आतली यंत्रणा पोलिसांच्या पिस्तुलाचीच. स्लाइड तशीच मागे येते, धक्काही तेवढाच बसतो. नळी बदलली की खरं काडतूस चालतं. आणि हवेवर चालतं म्हणून परवानाही लागत नाही. सर्व पालकांपर्यंत पोहोचवा.’

पालकांनी सावध असावं हे ठीक. पण हा संदेश वाचून पालक नको त्या गोष्टीला घाबरतील आणि ज्याला घाबरायला हवं ते कपाटात ठेवून देतील.

जत्रेचं आधी उरकून टाकू. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत फुगे फोडायला देतात ती बंदूक स्प्रिंगची. नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा घालायचा, चाप ओढायचा. शेजारच्या दुकानात मिळणारं प्लास्टिकचं पिस्तूलही बहुधा स्प्रिंगचंच, दर छर्र्याला हातानं ओढायचं. दोन्हींत ब्लोबॅक नावालाही नाही.

आता ‘आतली यंत्रणा तीच’. साध्या ब्लोबॅकच्या खऱ्या बंदुकीत यंत्रणा म्हणावी असं फारसं काही नसतंच. काडतुसातली दारू पेटली की वायूचा दाब पुढे गोळीला रेटतो आणि मागे पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाच्या, बुडाला. पुंगळीमागे बोल्ट (नळीचं मागचं तोंड झाकणारा धातूचा ठोकळा) किंवा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) नुसती टेकलेली असते. नळीशी तिला जखडणारी खीळ नसते. मग ती तत्क्षणी उघडून सगळा जाळ तोंडावर का येत नाही? स्प्रिंग धरून ठेवते, असं पुष्कळ जण सांगतात. त्या दाबापुढे स्प्रिंगची काय बिशाद! तिथं उपयोगी पडतं ते बोल्टचं वजन.

गणित शाळेतलंच आहे. गोळी 8 ग्रॅमची आणि बोल्ट 700 ग्रॅमचा धरा. एकाच रेट्यानं दोघे उलट दिशांना निघतात, त्यामुळे गोळी नळीत 100 मिलिमीटर पुढे जाते तेव्हा बोल्ट जेमतेम 1.1 मिलिमीटर मागे आलेला असतो. गोळी बाहेर पडते, दाब कोसळतो, आणि तोवर मिळालेल्या गतीवर बोल्ट मागे येऊन पुंगळी बाहेर फेकतो. स्प्रिंगचं खरं काम नंतरचं. मागे आलेल्या बोल्टला परत पुढे लोटायचं आणि जाता जाता नवं काडतूस भरायचं.

म्हणूनच 9 मिलिमीटरचं दणकट काडतूस या पद्धतीवर चालवायचं तर बोल्ट अवजड लागतो. स्टेन आणि उझी या सबमशीनगन आणि कानपूरला बनलेली आपली स्टर्लिंग कार्बाइन ही त्याची उदाहरणं. 1931 चं वॉल्थर पीपीके हलकं राहू शकलं, कारण त्याचं 7.65 मिलिमीटरचं काडतूस मुळात मवाळ.

फॉरवर्डमधलं ऑनलाइन मिळणारं पिस्तूल म्हणजे गॅस ब्लोबॅक प्रतिकृती, खऱ्यासारखं दिसणारं छर्र्याचं पिस्तूल. तिच्यात काडतूसच नसतं. दस्त्यातल्या मॅगझिनच्या टाकीत द्रवरूप गॅस असतो. चाप ओढला की घोडा टाकीच्या झडपेवर आपटतो आणि थोडा गॅस वर स्लाइडमधल्या नॉझलमध्ये येतो. तिथं एक इवलीशी सरकती झडप असते, सगळी करामत तिची. आधी ती गॅसला पुढे जाऊ देते आणि 6 मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा सुटतो. लगेच ती सरकून पुढची वाट बंद करते, आणि उरलेला गॅस मागच्या पिस्टनवर दाब देऊन स्लाइड मागे फेकतो. म्हणजे छर्रा उडवायला लागत नाही असा गॅस इथं निव्वळ स्लाइड हलवायला, घोडा पुन्हा चढवायला आणि पुढचा छर्रा घ्यायला वेगळा काढलेला असतो. खऱ्या बंदुकीत पुंगळी स्वतःच मागे रेटली जाते. इथं पुंगळीच नाही, तर रेटणार कोण? बॅटरीवर चालणाऱ्या प्रतिकृतींत तर कित्येकदा मोटर आणि दातेरी चक्रं आतला पिस्टन हलवतात आणि बाहेरची बोल्टची पट्टी शोभेला पुढे-मागे होते. खोक्यावर मात्र ब्लोबॅक असं ठळक छापलेलं.

‘पोलिसांच्या पिस्तुलाचीच’ या शब्दांतही घोटाळा आहे. आपल्याकडच्या दलांना परिचित असलेलं ईशापूरचं 9 मिलिमीटर 1ए पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरवर बेतलेलं आहे, आणि ते साधं ब्लोबॅक नव्हेच. गोळी सुटताना त्याची नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात. दोन्ही मिळून थोडी मागे सरकतात, मग नळीचं मागचं टोक खाली उतरतं आणि स्लाइड सुटी होते. ग्लॉकमध्येही तपशिलाचे फरक सोडले तर तत्त्व हेच. इन्सास रायफल आणखी निराळी. तिच्यात नळीतून थोडा वायू काढून घेऊन पिस्टन चालवतात. एनएसजीच्या हातातली एमपी5 ब्लोबॅक खरी, पण विलंबाची. दोन छोटे रूळ बोल्टला अडवून धरतात, म्हणून अवजड बोल्टाशिवाय भागतं. आणि सत्तरी तालुक्यात रानडुकरांपासून शेती राखायला परवान्यावर ठेवलेली काडतुसाची बंदूक घेतली, तर तिच्यात आपोआप मागे सरकणारं काहीच नाही. बार काढल्यावर नळी मोडायची आणि पुंगळी उपसायची.

‘धक्का तेवढाच.’ नाही. छर्रा 0.2 ग्रॅमचा, वेग सेकंदाला 90 मीटरच्या आसपास, ऊर्जा एक ज्यूलच्या आतबाहेर. 9 मिलिमीटरची 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 360 मीटरनं गेली तर 500 ज्यूलच्या वर. प्रतिकृती हातात हलते ती मागे आपटणाऱ्या स्लाइडमुळे, छर्र्यामुळे नव्हे.

‘नळी बदलली की खरं काडतूस चालतं.’ फॉरवर्डमधलं सर्वांत घातक वाक्य हेच, कारण एखाद्या उचापत्या पोराला ते आमंत्रण वाटेल. 9 मिलिमीटरच्या काडतुसाचा दाब 2350 बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) मान्य आहे. प्रतिकृतीतला प्रोपेनचा गॅस 20 अंशांना 8 बारच्या आसपास दाब देतो. जवळजवळ तीनशे पटींचा फरक, आणि तो झेलायला समोर जस्ताचा मिश्रधातू नाहीतर प्लास्टिक. वरचंच गणित पुन्हा करा. स्लाइड 100 ग्रॅमची धरली तर गोळी 100 मिलिमीटर जाईपर्यंत स्लाइड 8 मिलिमीटर मागे आलेली असेल. पुंगळीची एकूण लांबी 19 मिलिमीटर. म्हणजे दाब अजून प्रचंड असताना तिचा जवळजवळ निम्मा भाग आधाराविना उघडा. पितळेचा तो पातळ पत्रा फाटतोच, आणि फाटतो तो धरणाऱ्याच्या हातात. नळी लोखंडाची लावली म्हणून यातलं काहीही बदलत नाही. नुसता आवाज करणारी ब्लँक पिस्तुलं ही तिसरीच जात. त्यांत दारूचं काडतूस खरोखर पेटतं. त्यांच्याबद्दलची भीती रास्त आहे, पण तो विषय छर्र्यांच्या प्रतिकृतीला चिकटवू नये.

‘हवेवर चालतं’ हे मला सगळ्यात जास्त खटकलं. प्रतिकृतीत भरायला ग्रीन गॅस म्हणून मिळतो तो मुख्यतः प्रोपेन, त्यात थोडं सिलिकॉन तेल. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचाच भाऊबंद, तितकाच ज्वालाग्राही. भरताना थोडा बाहेर फुसकतोच, तेव्हा आसपास समई, गॅसची शेगडी किंवा कुणाची सिगारेट नको. शिवाय आपली हवा. 35 अंशांना प्रोपेनचा दाब 12 बारच्या आसपास जातो. पणजीत मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत पारा त्याच्याही कितीतरी वर असतो. अशा तापलेल्या मॅगझिननं छर्रा ठरल्यापेक्षा जोरात जातो, स्लाइड आपटून तडकते, आणि कधी दाब इतका चढतो की घोड्याला झडप उघडतच नाही. उलट भराभर चाप ओढत राहिलं तर गॅस उकळताना मॅगझिनमधली उष्णता शोषतो, ते हाताला गार लागतं आणि स्लाइड मरगळते. कार्बन डायऑक्साइडच्या 12 ग्रॅमच्या कुप्या वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. त्याचा दाब 20 अंशांनाच 57 बार असतो आणि 31 अंशांच्या वर तो द्रवरूपात राहत नाही. गोव्यात 31 अंश म्हणजे साधी दुपार.

राहिला परवाना. 2016 च्या शस्त्र नियमांतली सूट 0.177 इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला आहे. प्रतिकृतीची ऊर्जा त्या मर्यादेच्या कितीतरी खाली, पण नळी 6 मिलिमीटरची. तेव्हा एअरगनच्या सुटीचं बोट धरून ‘परवाना नको’ असं दुकानदारानं सांगितलं तर मान डोलावू नका, विकत घेण्याआधी लेखी खात्री करून घ्या.

आणि एक ज्यूल म्हणजे काहीच नाही असंही नव्हे. डोळा फुटायला तेवढं पुरतं. चष्मा घालायचा तो छर्रा अडवणाऱ्या काचांचा. कळंगुटच्या किनाऱ्यावर मिरवायचा गॉगल चालत नाही. पत्रादेवीच्या नाक्यावर डिकी उघडली आणि वर हे पिस्तूल दिसलं, तर समोरचा शिपाई आत सरकती झडप आहे की काडतूस हे तपासत बसणार नाही. ने-आण करायचीच असेल तर बंद पेटीत करा, मॅगझिन काढून आणि गॅस सोडून.