ओ पावणं, लाईट चालूय!

नवी गाडी घेतल्यापासून निम्मा सातारा मला हात करतो. ओळख वाढली म्हणून नव्हे. समोरून येणारा माणूस पाची बोटं मिटतो-उघडतो, मिटतो-उघडतो. अर्थ एकच : लाईट चालू राहिलाय.

परवा राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत मोजले. अकरा जण. त्यातले सात दुचाकीवर आणि सातही जणांचा स्वतःचा हेडलाईट भर दुपारी ढणाढणा चालू! एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, बंद करायला बटणच नाही. पण दुसऱ्याचा दिवा आपल्याला लवकर दिसतो.

सुरुवातीला मी काच खाली करून समजावायचो. "अहो, हा हेडलाईट नव्हे, डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारा दिवा. रस्ता दिसावा म्हणून नाही, गाडी दिसावी म्हणून असतो. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसासुद्धा दिवे लावायची सक्ती आहे." समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते ठीकाय, पर बॅटरी उतरंल की."

घरी शेजारचे काका. गाडी लॉक केल्यावर आपल्याला दारापर्यंत उजेड मिळावा म्हणून हेडलाईट अर्धा मिनिट चालू राहतात. काका गॅलरीतून ओरडतात, "लाईट राहिली!" मी चपला शोधून खाली येईपर्यंत ते विझलेले. "वायरिंग बघून घ्या एकदा," काका म्हणतात. दर रात्री.

ऑटोमॅटिक हेडलाईटचं मात्र मला फार कौतुक. आरशामागे काचेला चिकटलेला एक सेन्सर बाहेरचा उजेड मोजतो आणि अंधारलं की दिवे लावतो. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या रस्त्यात, शिरलं की लागतात, वर आलं की जरा थांबून विझतात. उगाच झाडाच्या सावलीनं फसायला नको म्हणून हे थांबणं. (इतका सबुरीचा निर्णय आमच्या घरात कोणी घेत नाही.) हे दाखवायला बायकोला दोनदा त्या ग्रेड सेपरेटरमधून फिरवून आणलं. तिसऱ्यांदा ती उतरली.

मग श्रावणात आम्ही कासला निघालो. यवतेश्वरच्या घाटात धुकं असं, की बॉनेटच्या पुढे जग संपलेलं. समोरून एक मोटरसायकलवाला आला आणि बोटं मिटू-उघडू लागला. मी काचेतूनच हसून मान हलवली. बिचाऱ्याला काय माहीत, ऑटोमॅटिक आहे ते. पुढे आणखी एक. त्यालाही हसलो.

वर देवळापाशी थांबलो, तर मागची एसटीही थांबली. ड्रायव्हर खाली उतरून आला. "पावणं, मागं सगळा काळोख हाय तुमच्या. अजून दोन हात असता तर एसटी तुमच्या डिकीत."

मागे जाऊन पाहिलं. खरंच की! धुकं दाट असलं तरी पांढरंशुभ्र, उजेड भरपूर. सेन्सर उजेड मोजतो, पुढचं किती दिसतंय ते नाही. त्यामुळे त्याच्या मते छान दुपार होती. पुढे डीआरएल जळत होते, आणि आमच्या गाडीत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. लाईट लावा आणि लाईट बंद करा, दोन्हींसाठी सातारकर एकच खूण करतो, हेही तेव्हाच कळलं.

"काका बरोबर म्हणत होते," बायको म्हणाली.

मुकाट्यानं हातानं स्विच फिरवला. परतताना बोगद्याजवळ लख्ख ऊन पडलं होतं. सायकलवरच्या एका शाळकरी पोरानं बोटं मिटली-उघडली. मी लगेच हेडलाईट बंद केले.

डीआरएल लागले. पुढच्या वळणावर एक आजोबा हात वर करून उभेच होते.