‘पैसे घेऊन रद्दी नेली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

गोपनीय कागद आणि हार्ड डिस्क कापून नष्ट करण्याच्या आमच्या सेवेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा, चार तक्रारी आणि एक फोटो. तक्रारी थोडक्यात अशा: रद्दीवाला पदरचे पैसे देऊन कागद नेतो, आम्ही उलट तुमच्याकडूनच घेतले, चुऱ्यात अक्षरं वाचता येतात, फोटोत ‘मुदत ठेव’ स्पष्ट दिसतंय, हार्ड डिस्कचे पैसे नगावर लावले आणि भंगारही परत दिलं नाही, आणि दोन पोती तशीच परत पाठवली, त्यामुळे नष्ट केल्याच्या दाखल्यावरचं वजन तुमच्या वजनाशी जुळत नाही. असे प्रश्न इतरांनाही पडतात, म्हणून फोनवर न बोलता इथंच लिहिते. पतसंस्थेचे व्यवस्थापक आहात हे तुम्हीच जाहीर लिहिलंय, तेवढंच धरून चालते. संस्थेचं नाव किंवा पोत्यांतल्या कागदांचा तपशील माझ्याकडून इथं येणार नाही.

रद्दीवाल्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. तो पैसे देतो, कारण त्याला अखंड कागद मिळतो आणि अखंड कागदाला गिरणीत भाव असतो. पण भाव यायला पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा असं निवडावं लागतं. निवडायचं म्हणजे एकेक गठ्ठा सोडायचा, हाताळायचा. सभासदाचं पॅन, सहीचा नमुना, सोनेतारणाची पावती, सगळं त्याच ढिगात. भेळेच्या पुड्यावर कुणाचा तरी कर्जाचा अर्ज वाचलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यात रद्दीवाल्याचा दोष नाही, त्याने कागद विकत घेतलाय आणि तो पुढं विकणारच.

आमचं बिल कागदाचं नसतं. सील लावलेली पोती, टेम्पो, काट्यावरची नोंद, कॅमेऱ्यासमोरची कापणी आणि शेवटी सहीशिक्क्याचा दाखला, यांचं असतं. आणि आणखी एका गोष्टीचं, जी बिलावर दिसत नाही: कापल्यामुळे कागदाला येणारी खोट.

ही खोट जरा सविस्तर सांगते, कारण फोटोचं उत्तरही त्यातच आहे. आमच्याकडून चुऱ्याच्या दाबलेल्या गाठी वापीच्या पेपर मिलला जातात. तिथं त्या पल्परमध्ये पडतात. पल्पर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सरच, फक्त खोलीएवढा. पाण्यात कागद घुसळला की तंतू सुटे होतात, पिना आणि प्लॅस्टिक बाजूला निघतं, लगदा चाळण्यांमधून पुढं जातो. लांब तंतू एकमेकांत गुंततात, त्याचा कागद होतो. आखूड तंतू पाण्याबरोबर चाळणीतून निसटतात आणि गाळात जमा होतात. आपण कागद जितका बारीक कापू तितके जास्त तंतू मधोमध तुटतात, तितका गाळ वाढतो आणि तितका मिल आमचा भाव पाडते. म्हणजे गुप्तता आणि पुनर्वापर या दोन गोष्टी एकाच पात्याला दोन दिशांना ओढतात. ‘पीठ करून द्या’ म्हणणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. पीठ करता येतं, पण मग त्याचा पुन्हा कागद होण्याची आशा सोडायची.

म्हणून किती बारीक कापायचं हे आधी लेखी ठरवतो. कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा पातळ्या आहेत. मूळ जर्मन मानक डीआयएन ६६३९९, तेच २०१८ पासून आयएसओ/आयईसी २१९६४ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं. पी-३ मध्ये तुकडा जास्तीत जास्त ३२० चौरस मिमीचा, पी-४ मध्ये १६० चा, पी-५ मध्ये ३० चा आणि पी-७ मध्ये अवघा ५ चा. पी-७ म्हणजे साखरेच्या दाण्याहून थोडंसं मोठं प्रकरण, ते लष्करी गुपितांना शोभतं. तुम्हाला पी-४ आणि पी-५ असे दोन दर दिले होते. तुम्ही पी-४ वर सही केलीत, आणि माझ्या मते पतसंस्थेला तेच योग्य आहे.

आता फोटो. शेजारी दहाचं नाणं ठेवलंत हे फार बरं केलंत. ते नाणं २७ मिमी व्यासाचं असतं. तुमचा तुकडा लांबीला नाण्यापेक्षा किंचित जास्त, रुंदीला नाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. ३० गुणिले ५ धरलं तर १५० चौरस मिमी होतात, म्हणजे पी-४ च्या आत. त्यावर ‘मुदत ठेव’ वाचता येतं कारण ते छापील फॉर्मच्या डोक्यावरचं ठळक शीर्षक आहे. ते प्रत्येक फॉर्मवर सारखंच, त्यातून कुणाची ठेव आणि किती हे कळत नाही. हाताने भरलेला मजकूर त्याच फोटोत कडेला दिसतोय: एका तुकड्यावर नुसता काना, दुसऱ्यावर निळ्या शाईची अर्धी वेलांटी.

अक्षर वाचता येणं वेगळं आणि कागद पुन्हा जुळवता येणं वेगळं. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन दूतावासात शेवटच्या घाईत कागदपत्रं कापली होती, पण उभ्या पट्ट्यांत. आंदोलकांनी त्या पट्ट्या चिकाटीने जुळवल्या आणि पुढं त्यांचे खंडच्या खंड छापले. २०११ साली अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने कापलेल्या कागदांची पाच कोडी जाहीर केली, बक्षीस ५०,००० डॉलर. ३३ दिवसांत एका गटाने सगळी सोडवली. मात्र तिथं एका कोड्यातले तुकडे त्या मोजक्याच पानांचे होते, बाहेरचं काही मिसळलेलं नव्हतं. आमच्याकडे तुमची पोती पहिल्या मशीनमध्ये पडतात तेव्हा माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर मागेपुढे इतरांचाही माल असतो. ते दोन दांड्यांचं संथ मशीन बॉक्स फाइल क्लिपसकट फाडतं. पुढच्या मशीनमध्ये हायड्रॉलिक ढकलणी कागद पात्यांवर दाबते आणि खालच्या चाळणीतून निघेल एवढा बारीक होईपर्यंत तो तिथंच फिरतो. मग सगळं एकत्र दाबून गाठ. त्या गाठीतून तुमचा एक अर्ज जुळवायला बसणाऱ्याला माझ्या शुभेच्छा. (बाय द वे, चुऱ्याची मूठ नमुना म्हणून तुमच्याच प्रतिनिधींनी मागून नेली होती. फोटो त्यातलाच असावा.)

हार्ड डिस्कचा दर किलोवर का नाही, हे तुमच्या डिस्क पाहिल्यावरच ठरलं. त्यात जुन्या फिरत्या तबकड्यांच्या होत्या आणि एसएसडीही होत्या. फिरत्या डिस्कवरची माहिती जोरदार चुंबकाने पुसता येते. एसएसडीला चुंबकाचा काहीही उपयोग होत नाही, तिच्यात माहिती चिपमध्ये असते. चिप नखाएवढी. मोठ्या भोकाची चाळणी लावली तर सर्किटचे तुकडे होतात आणि चिप अखंड खाली पडते, माहितीसकट. म्हणून एसएसडीसाठी चाळणी बदलावी लागते, मशीन थांबवून. शिवाय प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर टिपून यादी दाखल्याला जोडलेली आहे, ते काम नगावरच होतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कागदी दप्तरासाठी नाही, पण अशा डिस्कवरच्या माहितीसाठी आहे. माहिती जपण्यात कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तपासणीत कुणी विचारलंच तर ती सिरियल नंबरांची यादी पुढं करता येईल.

भंगार परत न देण्याबद्दल: १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. आमच्याकडचा चुरा तिकडेच जातो, चुंबकाने लोखंड आणि एडी करंटने (वेगाने फिरणाऱ्या चुंबकाच्या धक्क्याने) ॲल्युमिनियम वेगळं होतं, सर्किटमधलं तांबं पुढं निघतं. तुमच्या हाती दिलं असतं तर ते कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलं असतं आणि तिथून कुठंतरी उघड्यावर ॲसिडमध्ये. भंगाराची किंमत बिलात वळती केली आहे, तिसऱ्या ओळीत पाहा.

राहिली दोन पोती. पहिल्यात केबल आणि कीबोर्डच्या खाली लॅपटॉपच्या बॅटऱ्या होत्या, त्यातली एक चांगलीच फुगलेली. पोतं उचलणाऱ्या आमच्या मावशींना ते वजन ‘कागदाचं नाही’ असं वाटलं म्हणून त्यांनी तोंड सोडून पाहिलं, नाहीतर ते सरळ पट्ट्यावर गेलं असतं. लिथियमची बॅटरी पात्यात चिरडली की आतल्या आत शॉर्ट होते, तापत जाते आणि पेट घेते. भोवती हवेत तरंगणारी कागदाची धूळ, खाली टनावारी चुरा. शेडमध्ये पाण्याचे फवारे आहेत, पण ते वापरायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा. बॅटऱ्या वेगळ्या डब्यात, टोकांना टेप लावून द्या, त्यासाठी वेगळा पैसा नाही.

दुसऱ्या पोत्यात वरच चालू काळातली खाती दिसली. आत काय लिहिलंय ते आम्ही वाचत नाही, पण पाठीवरचं वर्ष दिसतंच. कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि सहकारी संस्थांचे स्वतःचे नियम तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. कापलेलं परत येत नाही. अशा कागदांसाठी संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागतो, तीच मागितली होती. दाखल्यावर कमी दिसणारं वजन याच दोन पोत्यांचं आहे. गेटपासवर दोन्हींचं वजन वेगळं लिहिलंय आणि खाली तुमच्याच माणसाची सही आहे.

फोटो ठेवायचा की काढायचा हे तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही. ठरावाची प्रत आली की दुसऱ्या पोत्यासाठी टेम्पो पाठवते. कापणीचा दर तोच राहील, त्या फेरीचं भाडं मात्र वेगळं पडेल.