सोन्याच्या डबीत खापऱ्या

आज सकाळी लिफ्टमध्ये जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर लाईक ठोकून पुढे जा, राग नाही.

लेक नऊ वर्षांची. हातात डबा. दिवाळीला ऑफिसातून सुकामेव्याचा येतो ना, चार खणांचा, वर पारदर्शक झाकण, तो. बदाम-पिस्ते केव्हाच संपले, आता त्यात तिचे दगड असतात. या शनिवार-रविवारी मिळालेले. ती निघाली होती दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला दाखवायला, मी भाजीला. लिफ्टमध्ये आमच्याच विंगमधल्या एक बाई. डब्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, दगड? सुट्टीत दगड वेचायला गेला होतात?" मग माझ्याकडे वळून, "आम्ही बाई रिसॉर्टला. मुलं पाण्यातून बाहेरच येईनात."

लेकीने डबा पाठीमागे नेला.

बास, एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. सातव्या मजल्यावर डबा पोटाशी होता, सहाव्यावर पाठीशी.

आता मला सांगा, त्या रिसॉर्टात काय असतं? मनगटाला कागदी पट्टा, क्लोरीनचं पाणी, त्या पाण्यात ढणाढणा गाणी आणि जेवायला तेच पनीर, जे इथे घोडबंदर रोडवर शंभर ठिकाणी मिळतं. दोन दिवसांनी पोराला विचारा, कुठल्या गावाला गेला होतास? नाव सांगता येणार नाही. नदी कुठली होती? माहीत नाही. आणि हे लोक माझ्या पोरीला विचारणार, दगड?

बरं, मान्य. आठवडाभर लोकलला लटकून माणूस दमतो, त्याला दोन दिवस खुर्चीत पडून राहावंसं वाटतं. पडा. पण पडल्या पडल्या दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नका.

आम्ही कुठे गेलो होतो ते सांगते. फार लांब नाही. माजिवड्यावरून निघालो, भिवंडी (त्या ट्रॅफिकवर वेगळी पोस्ट लिहीन), पुढे अंबाडी, तिथून वज्रेश्वरी. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. निमित्त आईच्या गुडघ्यांचं. वय ७२, आणि "एकदा मला कुंडावर न्या" हे गेली तीन वर्षं चालू होतं. नवरा म्हणाला, जातोच आहोत तर तानसेच्या पात्रात उतरू, पोरीला दगड बघायचेत. बरोबर खिळे ठोकायचा हातोडा, आणि डोळ्यांना त्याचा बाईकवरचा गॉगल. पोरीचं अर्धं तोंड त्या गॉगलमध्ये.

नदीला पाणी कमी, काळे दगड उघडे पडलेले. एका दगडाला नुसती भोकं. आई काठावर बसून म्हणाली, "हे तर घावनासारखं जाळीदार झालंय." आणि खरंच प्रकार तोच आहे! लाव्हा थंड होताना आतला वायू बुडबुड्यांसारखा अडकतो, भोकं राहतात. मग कोट्यवधी वर्षं त्यांतून खनिजांचं पाणी झिरपतं आणि भोकांच्या आत स्फटिक धरतात. आपला सह्याद्री, आपलं ठाणं, आपली पारसिकची टेकडी, सगळं त्याच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट, ह्युलँडाइट हे असलेच स्फटिक परदेशातल्या संग्रहालयांत काचेआड असतात, आणि त्यांतले कितीतरी नमुने आपल्या दख्खनच्या खाणींतून, विहिरींतून, रेल्वेच्या खोदकामातून गेलेले. सिन्नरला तर गारगोटी नावाचं अख्खं संग्रहालय आहे. आमच्या शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवसभर ब्रेकर खडखडतो, आणि तोच काळा दगड डंपर भरभरून कुठेतरी भरावाला जातो. त्यात काय काय जात असेल! (खाणीत किंवा साईटवर पोरांना नेऊ नका हं. सुरुंग असतात, दरड असते. आम्ही नदीत आणि रस्त्याकडेलाच.)

तासाभराने तिच्या हातात तीन तुकडे. एक जाळीचा, एक साखर सांडल्यासारखा पांढरा, एक काचेसारखा. आईने काचेचा उजेडात धरला. "ही गारगोटी. आम्ही लहानपणी अंधारात दोन घासून ठिणग्या पाडायचो." माझी आई. ठिणग्या. मला चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती.

नंतर वज्रेश्वरीत मिसळ खाताना नवऱ्याने मिसळीबरोबरचं लिंबू उचललं आणि साखरेवाल्या दगडावर पिळलं. बारीक बुडबुडे आले. म्हणजे कॅल्साइट, चुनखडीतलं खनिज. काचेवाल्याला काही झालं नाही. हॉटेलातला पोऱ्या बघायला आला, मग गल्ल्यावरचे काका. काकांनी आणखी एक लिंबू आणून दिलं, पैसे लावले नाहीत. असा प्रसंग त्या पट्टेवाल्या रिसॉर्टात घडेल का? जाऊ दे.

मग कुंडं. अकलोलीच्या कुंडाला वास येतो, उकडलेल्या अंड्यासारखा, गंधकाचा. लेकीने नाक धरलं. आत बसलेल्या एका आजींनी तिला शिकवलं: आधी पावलं, मग गुडघे, मग डोक्यावर एक ओंजळ, घाई करायची नाही. पाणी गरम का, हे मी दोन्ही प्रकारे सांगितलं. एक, वज्रेश्वरीने राक्षस मारले त्यांचं हे रक्त. दोन, पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खाली किलोमीटरमागे पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं, तिथे तापून ते दुसऱ्या भेगेने वर येतं. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. अशा झऱ्यांची रांग इथून थेट रत्नागिरीपर्यंत आहे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी. तिला राक्षस जास्त आवडले.

सगळं छान नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू. कुंडाच्या कडेला शॅम्पूच्या पुड्या, भिंतीवर बदाम आणि बाण, कपडे बदलायची जागा म्हणजे टॉवेल धरून उभी असलेली मी. पुड्या फेकणारे गाडी धुऊन आलेले, शिकलेले. त्यांच्यापुढे रिसॉर्टवाले परवडले, निदान त्यांचा कचरा कुणीतरी उचलतं. असो. आई अर्धा तास पाण्यात बसली आणि नंतर देवळाच्या ५२ पायऱ्या चढली. वसईच्या मोहिमेवर जाताना चिमाजी आप्पांनी या देवीला नवस केला, १७३९ साली वसई घेतली, आणि मग हे देऊळ उभं राहिलं. आईच्या मते तिच्या पायऱ्यांचं श्रेय निम्मं देवीला, निम्मं कुंडाला. सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या चालू आहेत त्यांना शून्य.

रात्री गणेशपुरीला राहिलो, रविवारी शिरसाड फाट्याने हायवेला लागलो आणि नालासोपारा. हो, नालासोपारा! नाव काढलं की लोक नाक मुरडतात, त्यांना फक्त विरार लोकलची गर्दी माहीत. ते शूर्पारक आहे बाबांनो, प्राचीन बंदर. जहाजं लागायची तिथे.

तिथला बौद्ध स्तूप पहिल्यांदा बघून लेक म्हणाली, "एवढंच?" बरोबर आहे तिचं. झाडी, विटांचा उंचवटा, शेजारी पोरांचं क्रिकेट. मी पण मनात तेच म्हटलं. मग तिथेच बसून नवऱ्याने गोष्ट सांगितली. १८८२ साली पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी हा ढीग खणला. गावात त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. आत दगडाची पेटी निघाली. पेटीत ब्राँझच्या आठ मूर्ती, मधोमध तांब्याचा करंडा. त्यात चांदीचा. त्यात दगडाचा. त्यात स्फटिकाचा. त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या डबीत, सगळ्यांत आत?

लेक म्हणाली, हिरा.

मातीच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे, आणि सोन्याची फुलं.

ती गप्प झाली. मग तिने तिचा डबा उघडला, बघितला, बंद केला. स्तूपापाशी विटेचा एक कपचा पडला होता. "घेऊ?" नाही म्हटलं. इथलं काही उचलायचं नसतं. "मग सोपाऱ्याचा खण रिकामा ठेवते," म्हणाली. तेव्हापासून चौथा खण रिकामा आहे, त्यात नुसती चिठ्ठी.

याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आठवा लेख कशावर आहे माहितीय? ट्रिपवर! म्हणतो, पूर्वीचे राजे विहारयात्रांना जायचे, शिकार आणि मौजमजा करायला. मी मात्र धर्मयात्रा सुरू केली: श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, गावोगावच्या लोकांशी बोलायचं. लिफ्टमध्ये हे आठवलं असतं तर काय मजा आली असती. आता आम्हीही मिसळ चापलीच, धर्मयात्रेचा आव आणत नाही. पण म्हातारं माणूस बरोबर होतं, आजी भेटल्या, गल्ल्यावरचे काका भेटले.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

त्या बाई बोलल्या तेव्हा मी काय केलं? मी हसले. "अहो, लहान आहे ती, छंद आहे तिचा," असं म्हणून हसले. डबा पाठीमागे गेला तो त्यानंतर. वर मी माझं हसणं गाळलंय, आत्ता वाचताना लक्षात आलं. बदलत नाही, राहू दे तसंच. बाईंचं सोडा, त्यांना काय माहीत तानसा आणि काय माहीत खापऱ्या. मला माहीत होतं. आदल्याच दिवशी मी त्या विटांपाशी मांडी घालून बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये "लहान आहे ती". सात मजले खाली येईपर्यंत धड एक वाक्य सुचलं नाही मला. शाळेतून आल्यावर डब्याबद्दल ती बोलली नाही. डबा कपाटात, कपड्यांच्या मागे आहे. मी बघितला.

पुढच्या रविवारी अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे १०६० सालचं. गाडीत एक जागा आहे. कुणाचं पोर येणार असेल तर मेसेज करा, जुनी चप्पल घालून पाठवा.

ता. क. (रात्री ९) : संध्याकाळी तिला म्हटलं, चल, डबा दाखवायला जाऊ खाली. म्हणाली, "तू धर." धरला. पोटाशी, दोन्ही हातांनी, झाकण वर करून. नेमकं लिफ्टमध्ये कुणीच नव्हतं.