टायर तुमचा, पातं तुमचं

बर्फ पडला आणि डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी तुमची गाडी सपाट चौकात आडवी होऊन सरकली, तर मन खट्टू करून घेऊ नका. दोष गाडीचा नाही, तुमचा तर मुळीच नाही. दोष टायर बनवणाऱ्यांचा. एवढे पगारी इंजिनिअर बाळगून या लोकांनी मड टायरचे, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचे, ते जाडजूड ठोकळे सलगच सोडले, त्यांवर खाचा पाडायचं साफ विसरले. हे राहून गेलेलं काम आता तुम्ही सुटीच्या दुपारी गॅरेजमध्ये तापवलेलं पातं घेऊन उरकायचं आहे.

कल्पनेला खानदान आहे, हे आधी घरच्यांना सांगून ठेवा. जॉन सायप नावाच्या माणसाच्या नावावर अशा चिरांचं 1923 सालचं पेटंट आहे. कत्तलखान्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून बुटांच्या तळव्यांना चिरा पाडण्यापासून या विद्येची सुरुवात झाली, असं सांगतात. जितक्या चिरा तितक्या कडा, आणि जितक्या कडा तितकी पकड. हा हिशोब इतका सोपा आहे की पुढचं काहीही वाचायची गरज उरत नाही.

वाचलंत, तर नसती भानगड कळते. कारखान्यातली चीर एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. गाडीचं वजन आलं की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात आणि ठोकळा ताठ राहतो. तुमच्याकडचं तापवलेलं यू आकाराचं पातं मात्र रबराची चांगली रुंद पट्टीच सोलून काढतं. एका दणकट ठोकळ्याचे तीन काटकुळे ठोकळे होतात. ब्रेक दाबला की ते वाकतात, कोरड्या रस्त्यावर गाडी डुलते, आणि पहिल्या धारदार खडकावर त्यातले काही निरोप घेतात. घेऊ द्यात. जितके ठोकळे कमी, तितकी पुढच्या वर्षी कापायची मेहनत कमी.

खोली किती ठेवायची? नव्या मड टायरची नक्षी चौदा-पंधरा मिलिमीटर खोल असते, तेव्हा माल भरपूर दिसतो. नक्षीच्या तळाखाली रबराचा एक थर, आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे. तो थर किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणजे तेवढी एक काळजी मिटली. तार चमकली की थांबायचं, एवढं सोपं माप दुसऱ्या कुठल्या कामात मिळतं? त्या फटीतून पाणी आत जाईल, तार गंजेल, आणि एक दिवस भर वेगात टायरची वरची साल सुटून येईल. पण तो दिवस बहुधा उन्हाळ्यातला असेल, आणि आपला विषय हिवाळ्याचा आहे.

ट्रकच्या काही टायरांच्या बाजूवर ‘रिग्रूव्हेबल’ असं कोरलेलं असतं. त्यांत पुन्हा खाचा पाडता याव्यात म्हणून तळाशी जास्तीचं रबर मुद्दाम घातलेलं असतं. तुमच्या टायरवर हा शब्द सापडला नाही, तर कंपनी लिहायला विसरली असं समजा. विसराळूपणा त्यांच्यात आहेच, ते आपण वर पाहिलं.

कुणी आगाऊ माणूस रबराचा मुद्दा काढेल. हिवाळी टायरचं रबर गारठ्यातही मऊ राहील असं बनवतात. साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली इतर टायरांचं रबर कडक होत जातं, आणि दगडधोंडे सोसायला बनवलेलं मड टायरचं रबर तर आणखी निबर. म्हणजे बर्फावर टेकणार त्या कडा कडक रबराच्याच, फक्त संख्येने जास्त. भुसभुशीत बर्फात खाचांचा थोडा उपयोग होतो, कारण त्यांत बर्फ ठासला जातो आणि बर्फ बर्फाला धरतो. पण शून्याच्या आसपासच्या काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर वर पाण्याचा पापुद्रा असतो, आणि तिथे निबर रबर त्यावरून सरळ घसरत जातं. या माणसाशी वाद घालू नका. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह असतं, आणि त्यासाठी टायरला बर्फावर परीक्षा द्यावी लागते. तुमच्या हातात गरम पातं आहेच, तेवढं चित्रही कोरून टाका. चित्रकला जमत नसेल तर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरं पुरतील. ती मिळवायला बहुतेक ठिकाणी परीक्षाच नसते.

आइसलँडमधले जीपवाले टायर कापून घेतात, हे उदाहरण मात्र जरूर द्या, कारण ते खरं आहे. ते मशीनवर बारीक चिरा मारून घेतात, बर्फावरच्या पकडीसाठी टायरांत खिळे ठोकतात, 38 इंची आणि त्याहून मोठे टायर वापरतात, खोल बर्फात हवेचा दाब चार-पाच पीएसआयपर्यंत उतरवतात, आणि हिमनदीवर सावकाश चालवतात. यातलं तुम्ही फक्त कापणं घ्या. बाकीच्याला पैसे आणि धीर लागतो.

पातं फार तापलं तर रबर जळून धूर होतो, कमी तापलं तर चीर फाटत जाते. चारही टायर सारखे कापले गेले नाहीत तर स्टिअरिंग थरथरेल. थंडीत हातांना तेवढीच हालचाल.

शेवटी चाचणी. मोकळं मैदान शोधा, चारही चाकं फिरवायचा लिव्हर टाका आणि अॅक्सिलरेटर दाबा. गाडी सुसाट निघेल आणि तुमचा हिशोब बरोबर होता याची खात्री पटेल. फोर व्हील ड्राइव्हने गाडी कशीही निघते, पातं न लावताही निघाली असती, हे तिथे कुणाला सांगत बसू नका. थांबण्याची चाचणी वेगळी घ्यावी लागत नाही. पहिल्या सिग्नलला ती आपोआप होते.