नुसतं बूच घट्ट लावून काजूगर टिकत नाहीत

मे सरत आला की कोकणातल्या घरोघरच्या मोबाइलवर हा मेसेज येतोच: ‘ओले काजूगर, आमरस, कोकमाचा रस, काहीही उकळा, बाटलीत भरा, बूच घट्ट लावा, वर्षभर टिकतं. हवा नाही तर जंतू नाहीत. आमरस तर मुळात आंबटच. मीठ, सायट्रिक ॲसिड म्हणजे विष. फसफसलं तर पुन्हा उकळा.’ यातलं बूच तेवढं बरोबर आहे.

‘हवा नाही तर जंतू नाहीत.’ काजूगरांचं नेमकं उलटं आहे. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला बिनहवेची जागाच मानवते. त्याचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीला दाद देत नाहीत. बूच लागलं की ते बाटलीत रुजतात आणि विष तयार करतात. वास, चव, रंग यांवरून ते कळेलच असं नाही. त्यांना अडवतो तो आंबटपणा, म्हणजे 4.6 च्या खालचा सामू (pH). काजूगर, शेवग्याच्या शेंगा, कुयरी (कोवळा फणस) यांत तो नसतो. कारखान्यात असे डबे दाबाखाली 121 अंशांवर वेळ मोजून ठेवतात. कुकरच्या शिट्ट्यांनी तो हिशेब होत नाही. काजूगर सोलून, कपड्यावर कोरडे करून फ्रीझरमध्ये टाका, नाहीतर कडकडीत वाळवा.

‘आमरस मुळात आंबटच.’ हे अर्धं खरं. आढीत फार पिकलेल्या आंब्याचा सामू 4.6 च्या आसपास, कधी वरही जातो. म्हणून किलोभर रसाला 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, साधारण एक सपाट छोटा चमचा. लिंबात असतं तेच हे, विष कसलं? रस गाळून ढवळत 85 अंशांपर्यंत तापवा, गरम बाटलीत वर दोन बोटं जागा सोडून भरा, बूच दाबा. टोपात तळाला फडकं घालून बाटल्या बुचापर्यंत बुडवा आणि उकळी आल्यापासून 30 मिनिटं ठेवा. बाहेर काढून थेट थंड कडाप्प्यावर ठेवलीत तर तडकतील. लाकडी पाटावर ठेवा. गार झाल्यावर रात्रभर आडव्या ठेवा, गळकं बूच सकाळी चिकट दिसतं. ती बाटली त्याच दिवशी संपवा.

‘मीठ नको.’ मग आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, विसरा. लिटरभर रसाला 150 ते 200 ग्रॅम मीठ लागतंच. हात आखडला की आठवड्याभरात वर पांढरी साय धरते. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर मुळीच नको, काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या.

‘फसफसलं तर पुन्हा उकळा.’ नाही. बूच फुगलेली बाटली चाखायचीही नाही. न उघडता पिशवीत बांधून टाका, गुरांच्या घमेल्यात रिकामी करू नका.