मध्यरात्री भूक लागली तर जिमजिलबांग

'सोलमध्ये मध्यरात्रीनंतर खायचं तर रस्त्यावरच्या पोजांगमाचाच (तंबूवजा खाण्याच्या टपऱ्या)', हे लेखातलं विधान पटलं नाही. जिमजिलबांग कशी काय राहिली? या सार्वजनिक स्नानगृहांपैकी अनेक रात्रभर उघडी असतात आणि आत खाण्याची सोयही असते. गरम खोलीतून घामाघूम होऊन बाहेर यायचं, उबदार फरशीवर मांडी ठोकायची आणि भाजून तपकिरी झालेली अंडी सोलायची. सोबत बर्फगार शिक्ये: भात आणि मोड आलेल्या जवापासून केलेलं गोड पेय, वर शितं तरंगत असलेलं. समुद्री शेवाळाचं सूपही मला फार आवडलं.

एकट्या बाईला रात्री पोजांगमाचात सोजू (कोरियन दारू) पिणाऱ्यांच्या घोळक्यात बसायला संकोच वाटतो. जिमजिलबांगमध्ये मात्र आजूबाजूला आज्या, नातवंडं, अख्खी कुटुंबं लोळत असतात! फक्त कोविडनंतर बरीच बंद पडलीत, तेव्हा आधी चौकशी करून जा.