थोर खेळाडूंचा निकाल घरबसल्या कसा लावावा

परवा एका वास्तुशांतीच्या पंगतीत शेजारच्या पानावर बसलेल्या तरुण गृहस्थांनी उजव्या हातात मठ्ठ्याची वाटी आणि डाव्या हातात मोबाइल धरून, सचिन तेंडुलकर हा केवळ स्वतःच्या शतकासाठी खेळत असे आणि त्याचे शतक झाले की भारत हमखास हरत असे, हे मला जिलबी संपेपर्यंत समजावून सांगितले. आकडे खोटे बोलत नाहीत, असेही ते दोनदा म्हणाले. मात्र आकडा त्यांनी एकही सांगितला नाही. अशा परीक्षकांची संख्या सध्या झपाट्याने वाढत असल्यामुळे, होतकरू क्रीडारसिकांनी मागे राहू नये म्हणून पुढील मार्गदर्शन सादर करीत आहे.

सर्वप्रथम, सामना पाहू नये. पाच दिवस कसोटी पाहणाऱ्या माणसाला खेळपट्टी, उतरते ऊन, जुना झालेला चेंडू, समोरचा गोलंदाज असल्या फालतू गोष्टी दिसू लागतात आणि मग त्याचे मत ठाम राहत नाही. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहावी. तीही आवाज बंद करून.

प्रत्येक खेळाडूचा एकच डाव लक्षात ठेवावा, आणि तो त्याचा सर्वांत वाईट असावा. सुनील गावसकरांचा विषय निघाला की १९७५ च्या विश्वचषकातील लॉर्ड्सवरील १७४ चेंडूंतील नाबाद ३६ धावा उकरून काढाव्यात आणि तेथेच थांबावे. पदार्पणाच्या मालिकेत वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत केलेल्या ७७४ धावा, त्याच संघाविरुद्धची १३ शतके, हे कोणी मध्येच काढले तर ‘तेव्हाची गोष्ट वेगळी होती’ असे म्हणून वरण मागून घ्यावे.

खेळाडू खेळत असेल तर ‘आता थांबायला हवे’ म्हणावे आणि थांबला तर ‘घाई केली’ म्हणावे.

यानंतर मुख्य अस्त्र, म्हणजे शतक आणि पराभव यांचे नाते. यासाठी धावफलक उघडण्याची मुळीच आवश्यकता नाही. किंबहुना उघडू नयेच, कारण उघडला की पंचाईत होते. सचिनच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ वेळा भारत जिंकला आणि १४ वेळा हरला. ५१ कसोटी शतकांपैकी २० सामने जिंकले, २० अनिर्णित राहिले आणि ११ हरले. म्हणजे शंभरांपैकी ५३ विजय आणि २५ पराभव. याला ‘हमखास हरणे’ म्हणायचे असेल तर आपल्या शाळेतील गणिताच्या मास्तरांची क्षमा मागून खुशाल म्हणावे. त्या १४ एकदिवसीय पराभवांमध्ये २२ एप्रिल १९९८ ची शारजातील, ऑस्ट्रेलियाविरुद्धची १४३ धावांची खेळीसुद्धा मोजली जाते, हे अर्थातच कोणाला सांगू नये. तो सामना भारत हरला, पण त्याच खेळीमुळे धावगतीच्या बळावर अंतिम फेरीत पोहोचला, आणि दोनच दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याच गृहस्थाने त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३४ धावा करून करंडक जिंकून दिला. आपल्या हिशेबात मात्र ती १४३ ‘पराभवातील शतक’ या खात्यावर जमा होते! आणि चेन्नई? जानेवारी १९९९ मध्ये पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचे लक्ष्य, ५ बाद ८२ अशी अवस्था, पाठीत असह्य कळा, समोर वसीम, वकार आणि सकलेन; नयन मोंगियाला साथीला घेऊन हा माणूस संघाला विजयापासून १७ धावांवर आणून १३६ वर बाद होतो, हातात तीन गडी असतात, ते तिघे मिळून चार धावांची भर घालतात, सामना १२ धावांनी जातो, आणि पंचवीस-सत्तावीस वर्षांनी जिलबी खाणारा मनुष्य त्या पराभवाचे बिल कोणाच्या नावावर फाडतो? हैदराबादला २००९ साली ३५१ चा पाठलाग करताना एकट्याने १७५ केल्या आणि संघ तीन धावांनी हरला, तर त्या तीन धावा उरलेल्या दहा जणांनी करायच्या नव्हत्या का? मिरपूरचे शंभरावे शतक संथ होते, १४७ चेंडूंत ११४, आणि बांगलादेशाने तो सामना जिंकला. ही टीका रास्त आहे, मीही ती केली आहे. पण एका मिरपूरवर चोवीस वर्षांच्या कारकिर्दीचा पंचनामा उरकायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

असो. मार्गदर्शनाकडे वळू.

दोन पिढ्यांतील खेळाडूंना एकमेकांशी झुंजवावे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक केले आणि प्रेक्षागृहात बसलेल्या सचिनकडे पाहून वाकून अभिवादन केले. त्या दोघांमध्ये भांडण नसले तरी आपण त्यांच्या वतीने भांडावे, कारण मोठ्या माणसांना स्वतःचे हित कळत नाही.

निष्ठा दर मोसमाला धुऊन वाळत घालावी. २०२४ च्या एप्रिलमध्ये रोहित शर्माच्या जागी आयपीएलमधील मुंबई इंडियन्सचा कर्णधार झालेल्या हार्दिक पंड्याची त्याच्याच घरच्या मैदानावर, वानखेडेवर, नाणेफेकीच्या वेळी हुर्यो उडवावी, इतकी की संजय मांजरेकरांना माइकवरून ‘नीट वागा’ असे सांगावे लागावे. आणि जूनमध्ये त्याच हार्दिकने बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील शेवटचे षटक टाकून १६ धावांचा बचाव केला की जुलैमध्ये त्याच मैदानात त्याच्या नावाचा गजर करावा. मधल्या तीन महिन्यांबद्दल कोणी विचारल्यास आपण तेव्हा गावी गेलो होतो.

झेल सुटला, तर खेळाडूच्या देशभक्तीची चौकशी करावी.

या शेवटच्या सूचनेपाशी मला गमतीत लिहिणे जमत नाही, म्हणून सरळच लिहितो. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले. अकरा जण हरले होते, पण शिव्या मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून पडल्या. त्याची पाठराखण करणाऱ्या कर्णधार विराट कोहलीच्या तान्ह्या मुलीला समाजमाध्यमावरून किळसवाणी धमकी दिली गेली. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा झेल निसटला, तर त्याला खलिस्तानी ठरवण्यात आले. हे करणारे कोणी परग्रहावरून उतरले नव्हते. आपल्याच गटांतून, आपल्याच ओळखीच्या लोकांनी ते पुढे पाठवले आणि बाकीच्यांनी खाली हसरे चेहरे चिकटवले. लाज वाटायला हवी होती. तोच शमी २०२३ च्या विश्वचषकात २४ बळी घेऊन सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला, उपांत्य सामन्यात त्याने ५७ धावांत ७ गडी बाद केले; तोच अर्शदीप २०२४ च्या विजेतेपदात १७ बळी घेऊन संघाचा सर्वांत यशस्वी गोलंदाज झाला. आणि समजा यातले काहीच झाले नसते, दोघेही पुन्हा कधी संघात दिसले नसते, तरी तुम्हाला तो अधिकार कोणी दिला होता? तिकिटाच्या पैशांत खेळ पाहायला मिळतो, खेळाडूची आई-बहीण काढायला मिळत नाही. टीका जरूर करा, पण पूर्ण डाव पाहून करा. त्या रात्री शमीबद्दल जे पुढे ढकललेत, त्याबद्दल त्याच गटात माफीचे दोन शब्द लिहिलेत का? नसतील लिहिले, तर आधी ते लिहा आणि मग सचिनवर बोलायला या.